आवकाच्या पाठीतला हिवाळा

लेक गेली त्या हिवाळ्यात पुदानेची हाकही गेली.

टुंड्रावर लेकुरवाळ्या बाईला तिच्या नावाने कोणी बोलावत नाही. पहिलं मूल झालं की ती त्या मुलाची आई होते आणि मरेपर्यंत तीच राहते. वीस-बावीस वर्षं लोक तिला लेकीच्या नावाने हाक मारत होते. अमकीची आई, चहा ठेव. अमकीची आई, माझा फासदोर पाहिलास का. मग अंधाराच्या महिन्यात लेक शहरातल्या इस्पितळात मेली. मेलेल्या माणसाचं नाव जिभेवर घ्यायचं नसतं. त्याला पुढची वाट चालायची असते, आणि हाक ऐकली तर ते मागे वळतं. तेव्हा आता हिला काय म्हणायचं, हा प्रश्न सगळ्यांपुढे आला. नवरा हादको तिच्याकडे न बघता नुसतं "अगं" म्हणू लागला. शेजारच्या तंबूतल्या बायका आधी खाकरायच्या, मग बोलायच्या. शेवटी कोणाला तरी तिचं लहानपणचं नाव आठवलं.

पुदाने म्हणजे शेवटची. पोरं पुरे झाली म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. त्यानंतरही दोघं जन्मले, तेव्हा तिचा बाप म्हणायचा, "नाव हिला ठेवलं, पण ऐकायला मीच हवं होतं." पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला ते नाव म्हणजे लहानपणीचा अंगरखा चढवल्यासारखं झालं. काखेत काचायचं.

बातमी रेडिओवर आली होती. तेव्हा त्यांचे तंबू खाली दक्षिणेला, जिथे झाडं सुरू होतात तिथे होते, आणि बाहेर वादळ घोंगावत होतं. लेकीच्या पोटात दुखायला लागलं, ताप चढला आणि संपलं. पुदानेची थोरली बहीण, सेरोकोची आई, नदीपलीकडच्या वस्तीत राहायची. तिने प्रेत आणवलं, वस्तीमागच्या टेकडीवर लाकडी पेटीत ठेवलं, रीतीप्रमाणे सगळं केलं. पोरीचा कप फोडला, सुरी मोडली, कारण इथे जे मोडतं ते तिथे धड होतं. शहराला जाताना पोरीने आपली घसरगाडी मावशीच्या दारात ठेवली होती, ती पेटीशेजारी पालथी घातली. राहिलं एवढंच, तिथे गाडी ओढायला पेटीपाशी मारून द्यायचं जनावर.

"इथे एक रेनडियर मिळतोय गं," बहीण रेडिओवर म्हणाली. "शेजाऱ्याचा आहे. फार चांगला नाही, पण चालतोय. करून टाकू का?"

"परक्याचं जनावर नको," पुदाने म्हणाली.

"अगं, पण ती पायी..."

"ती कधी परक्याच्या जनावरामागे बसली नाही. तिची आवका आहे. उत्तरेला निघालो की नदीवरून जाऊच, तेव्हा मी आवकाला घेऊन येते."

"आणि तोवर पोरीने काय करायचं?"

पुदानेने रेडिओचं बटण पुन्हा दाबलं.

"थांबेल," पुदाने म्हणाली. "माझी लेक आहे. थांबेल ती."

हे म्हणताना तिला क्षणभर बरं वाटलं. आई म्हणून करण्यासारखं अजून काहीतरी उरलं होतं.

*

आवका म्हणजे हाताने वाढवलेलं जनावर. आई मेलेलं पिल्लू कोणीतरी तंबूत आणतं, माशाचं पाणी बोटाने चाटवतं, आणि मग ते कळपाचं न राहता माणसांचं होतं. हिला लेकीने आणलं होतं, शाळेची सुट्टी लागली होती तेव्हा, विणीच्या दिवसांतल्या वादळात, स्वतःच्या अंगरख्यात घालून. पिल्लू आणि पोर दोघंही एकाच कातड्याखाली झोपायची. आवका मोठी झाली तरी दाराचा पडदा डोक्याने ढकलून आत यायची, पाव चोरायची, आणि पुदाने ओरडली की पोरीच्या मागे जाऊन उभी राहायची. एवढं मोठं धूड, आणि चारही पाय त्या पोरीमागे लपल्यासारखे.

उन्हाळ्यात डास आले की सगळा कळप तंबूंपाशी यायचा. ओल्या शेवाळाची धुरी करायची, धुरात जनावरं अंगाला अंग लावून उभी राहायची. धुरी सांभाळायचं काम पुदानेचं. त्या धुरात बसून ती पोरीला गोष्ट सांगायची, की पूर्वी माणसं खाणारा एक राक्षस होता, लोकांनी त्याला जाळला, त्याची राख वाऱ्यावर उडाली आणि तिचेच हे डास झाले.

"मग जाळला कशाला?" पोर गाल खाजवत म्हणायची. "एकच तोंड होतं तेव्हा. अधूनमधून एखादा काका देऊन टाकायचा."

"एदेइको काका देऊ या का?"

"तो नको. तो बोलून बोलून राक्षसालाच पळवून लावेल."

एदेइको म्हणजे पुदानेचा धाकटा दीर. तो धुरापलीकडून ओरडायचा, "ऐकू येतंय मला सगळं!"

मरणाआधीच्या उन्हाळ्यात पोर शिवणकाम शिकायला शहराला निघाली. जाताना आवकाच्या मानेला मिठी मारून आईला म्हणाली, "हिला रानातल्या कळपाबरोबर जाऊ देऊ नकोस हं. मागच्या वर्षी दोन गेल्या तशी. मी येईपर्यंत सांभाळ."

पुदानेने सांभाळलं. म्हणजे बांधून ठेवलं. धुरीच्या बाजूला खुंटा ठोकून, लांब दोर देऊन. हादको म्हणाला, "उन्हाळ्यात जनावर बांधतात का कोणी?" ती म्हणाली, "पोर येईपर्यंतच."

मग ते बिनवाऱ्याचे दिवस आले. इथल्या लोकांना थंडीचं भय नसतं, तसल्या दिवसांचं असतं. पाणी हलत नाही, गवत हलत नाही, आणि सगळी हवा एका सुरात गुणगुणू लागते. डास रक्त पितात. ते कळतं, त्यांना मारता येतं. पण त्यांच्यामागून एक माशी येते, केसाळ, भुंग्यासारखी, ती काही खात नाही. तिला खायला तोंडच नसतं. चावत नाही, बसतही नाही. जनावराच्या नाकाशी क्षणभर तरंगते आणि आपली जिवंत, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी पोरं त्याच्या श्वासात सोडून देते. तिची एक बहीण पोटाच्या, पायांच्या केसांना अंडी चिकटवते, आणि त्यांतल्या अळ्या कातडीखालून पाठीकडे सरकतात. त्या दोघींचं आयुष्य तेवढंच. अंगात ऊन असताना त्यांना एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे हिवाळा येणार आहे, आणि पोरांना कुठेतरी उबेत ठेवून जायचं आहे.

मोकळा कळप तिची चाहूल लागताच नाक जमिनीला घासतो, वाऱ्याकडे तोंड करून धावत सुटतो, उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर जाऊन उभा राहतो. बांधलेलं जनावर कुठे जाणार? त्या दिवशी पुदाने मासळीच्या जाळ्यांकडे गेली होती. मागे धुराची दिशा बदलली. परत आली तेव्हा आवका नाक शेवाळात खुपसून उभी होती, खुंट्याभोवतीची जमीन तिने खुरांनी नांगरून काढली होती. पुदानेने दोर सोडला. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि ते हिवाळ्यापर्यंत कोणाला कळणार नव्हतं.

*

त्या हिवाळ्यात लेक गेल्यावर पुदाने रोज आवकाच्या पाठीवरून हात फिरवायची. उणे पन्नासात झाडाची खोडं बंदुकीसारखा आवाज करून फुटतात, लोखंडाला बोट लागलं तर कातडं तिथेच राहतं. टुंड्रावरचं सगळं बारीक जगणं तेव्हा कुठेतरी थांबलेलं असतं. डासांची अंडी गोठलेल्या डबक्यांच्या तळाशी, केसाळ सुरवंट दगडाखाली काचेसारखा कडक. लहानपणी पुदानेने असा एक सुरवंट चुलीपाशी ठेवून जागा केला होता. तो जरासा हलला, तिने आनंदाने बाहेर नेऊन दाखवला, आणि तो मेला. आई म्हणाली होती, "गोठलेलं झोपलेलं असतं. अर्धवट उठवलंस ना, म्हणून मेलं."

पण आवकाच्या पाठीत कोणी झोपलेलं नव्हतं. केसांखाली, कातडीखाली, बोटांना वाटाण्याएवढ्या गाठी लागायच्या, कणाकणाने मोठ्या होणाऱ्या. प्रत्येक गाठीला वर एक बारीक भोक. तंबूच्या शेंड्याला धुरासाठी भोक असतं, तसं त्या अळ्यांनी श्वासासाठी पाडलेलं. बाहेर सगळं जग दगड झालेलं असताना, त्या पाठीत एक अख्खी वस्ती उबेत राहत होती, खात होती, वाढत होती. पुदानेचा हात त्यांच्यावरून फिरायचा तेव्हा तिला रागही यायचा नाही. तिला वाटायचं, कोणाची का असेनात, पोरं जगली आहेत. आणि मग हात काढून घ्यायची.

वसंतात सूर्य मावळायचा थांबला आणि आवका खोकू लागली. पाठीतल्या अळ्या पिळून काढता येतात. पुदानेच्या अंगठ्यांत ती कला होती. दोन्ही बाजूंनी दाबायचं, भोकातून पांढरी, जाड अळी बाहेर येते, ती विस्तवात टाकायची. पण नाकातून गेलेल्या असतात त्या घशाशी जाऊन बसतात. त्या आपण होऊन शिंकेबरोबर बाहेर पडतात, बर्फ वितळून माती दिसू लागली की. तोवर जनावर तगलं तर तगलं.

"वहिनी," एदेइको म्हणाला. कळपात वीण चालू होती, तो रक्ताळलेल्या हातांनी चहा पीत होता. "ही नदीपर्यंत येत नाही. माझं ऐक. इथेच करून टाकू. तोंड तिकडे करून."

"पेटीपाशीच करायचं असतं. गाडीला जुंपून. माणसाच्या हाताने."

"ठाऊक आहे गं मला."

"आणि आपण होऊन मेली तर?"

एदेइकोने चहाचा कप खाली ठेवला. आजाराने मेलेलं जनावर न्गाचं. न्गा हा मरणाचा धनी. रोग, किडे, कुजणं, सगळं त्याचं. त्याच्या दावणीला गेलेलं जनावर पोरीला मिळणार नव्हतं. म्हणून आवका मरता कामा नये होती. तिला जगवायचं होतं, टेकडीपर्यंत, म्हणजे तिथे तिला मारता येईल.

वीण संपेपर्यंत हादको कळप सोडून येऊ शकत नव्हता. तो भावाला म्हणाला, "तू हिच्याबरोबर जा." मग बायकोच्या गाडीचे पट्टे स्वतः आवळून दिले, एकदा आवळलेले पुन्हा आवळले, आणि मागे न बघता जनावरांत गेला.

*

दोन गाड्या निघाल्या. पुढे एदेइको, मागे पुदाने. आवका आधी दोरीने मागून चालत होती, मग चालेना, तेव्हा तिला पाय दुमडून पुदानेच्या गाडीवर निजवलं आणि कातडं पांघरलं. बर्फ मऊ झाला होता, गाड्या ओल्या शेवाळावरून करकरत होत्या.

थांबतील तिथे पुदाने विस्तवावर ओली फांदी टाकायची, कातड्याची नळी करून तो धूर आवकाच्या नाकात फुंकायची. आवका मान झटकायची, सगळ्या अंगाने शिंकायची, आणि बर्फावर एखादी अळी पडायची. अंगठ्याएवढी, वळवळणारी, थंडीत आल्यावर लगेच आखडणारी. एदेइको बुटाच्या टाचेने ती चिरडायचा.

"ही माझी सासू," पहिल्या अळीला तो म्हणाला. "बघ कशी जाड आहे. ही मेव्हणी. आणि हा मोठा साला, हा घशात बसला की निघतच नाही."

"तुझ्या सासूने तुला काय कमी केलं रे?"

"काही नाही. पोरगी दिली आणि मागोमाग स्वतः आली, हिवाळाभर. हिच्यासारखीच. आत बसायचं, ऊब घ्यायची, आणि भोक पाडून बाहेर बघत राहायचं."

पुदाने हसली. कितीतरी महिन्यांनी. हसता हसता हात तोंडावर नेला, तर हाताला आवकाच्या नाकाचा चिकट ओलावा होता, आणि ती तशीच थांबली.

मग एक दिवस असा आला की आवकाने मान वर केली. पाव हुंगला, खाल्ला. गाडीवरून उतरून चार पावलं चालली, पाय रुतवत, हळूहळू. एदेइको टाळ्या वाजवणार होता, पण वहिनीचा चेहरा बघून त्याने हात खाली घेतले.

"बरी झाली तर?" तो म्हणाला. "वहिनी, बरी झाली, धावायला लागली, आणि मग तिथे... जमेल तुला?"

पुदाने आवकाच्या कानामागे खाजवत होती. तिथले केस झडले होते, खालचं कातडं गुलाबी.

"तू दोर धर," ती म्हणाली. "मी डोकं धरीन. मला बाकीचं विचारू नकोस."

नदीवर पोचले तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता. बर्फ अजून जागेवर होता, पण काळा पडलेला, आणि दोन्ही काठांना पाण्याचा पट्टा चकाकत होता. पलीकडे वस्ती, वस्तीमागे टेकडी. टेकडीवर पेट्यांवरच्या उभ्या काठ्या दिसत होत्या, पेट्या दिसत नव्हत्या. नदी तिथे अरुंद आहे, मोठ्याने बोललं की ऐकू जातं. त्यांचा धूर पाहून पलीकडे माणसं जमली, आणि त्यांतून एक जाडी बाई पुढे आली, हात हलवत.

"येऊ नका!" सेरोकोची आई ओरडली. "काल एक कुत्रं गेलं खाली! येऊ नका!"

एदेइकोने तरी काठी घेतली आणि बर्फ ठोकत निघाला. काठाच्या पाण्यावर फळी टाकून वर चढला, थोडा पुढे गेला, आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. पोटावर झोपून, सरपटत, शिव्या देत परत आला. बूट उलटे करून पाणी ओतताना म्हणाला, "मी जरा हलका असतो तर एकटा गेलो असतो. गाडी नाही जायची. आवकाला घेऊन तर नाहीच."

"थंडी पडेल," पुदाने म्हणाली. "एकदा कडक थंडी पडली की काठ गोठेल."

ते थांबले. थंडी पडली नाही. वारा तसाच राहिला, ऊबदार, ओला. इतर वर्षी ज्याची लोक वाट बघतात तो. आवका पुन्हा आडवी झाली. श्वास घेताना तिच्या घशातून घासल्यासारखा आवाज यायचा. पुदाने धूर फुंकत राहिली, आवका शिंकत राहिली, पण आता ती शिंकताना मान जमिनीवरून उचलत नव्हती.

एदेइको मागे बघत होता. "वहिनी, मागचे नाले फुटायला लागले असतील. ते फुटले तर आपण इथेच अडकलो, आणि दादा तिकडे एकटा."

"तू जा."

"आणि तुला काय, पाण्यात सोडून जाऊ?"

तेवढ्यात पलीकडून बहीण पुन्हा हाका मारू लागली. या खेपेला ती अगदी पाण्याच्या कडेला आली होती.

"पुदाने! ऐक! ती माझ्या स्वप्नात येते!"

पुदाने उभी राहिली.

"रोज येते! बोलत काही नाही. गाडीशेजारी उभी असते, पट्टा हातात धरून. हिवाळाभर तशीच उभी आहे गं! मी तुला रेडिओवर सांगितलं नाही, तुला कशाला..." वाऱ्याने पुढचं नेलं. मग पुन्हा, "तो शेजाऱ्याचा अजून आहे! देतोय तो! करू का? सांग, करू का?"

पुदानेला लेक दिसली. काळोखात, पट्टा हातात, जनावर नसलेल्या गाडीपाशी. आपल्या आईने सांगितलंय म्हणून थांबलेली. तिच्यात हट्ट होता, पण आईपुढे नव्हता. थांब म्हटलं की थांबायची.

"कसा आहे?" पुदाने ओरडली. "कसा आहे तो?"

"म्हातारा आहे! एक डोळा गेलाय! पण शांत आहे, कोणाच्याही मागे चालतो!"

मधे काळा बर्फ होता आणि त्याखालून पाणी वाहत असल्याचा आवाज. एदेइको ओले बूट हातात घेऊन उभा होता. पुदानेने आवकाकडे पाहिलं. आवकाचा डोळा तिच्यावरच होता, मोठा, ओला, काही न विचारणारा.

"कर," ती म्हणाली.

"काय?"

"कर म्हणते! कर! आजच कर!"

*

थोड्या वेळाने पलीकडची माणसं टेकडीवर चढताना दिसली. मुंग्यांसारखी. त्यांच्यात एक करडं जनावर, मान खाली घालून, खरोखरच कोणाच्याही मागे चालणारं. पुदाने काठावर उभी राहून बघत होती. वर पोचल्यावर सगळी एका जागी जमली, काही वेळ कोणी हललं नाही, मग माणसं खाली उतरली. जनावर उतरलं नाही.

एदेइको शेजारी येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "इथलं मोडकं तिथे धड होतं ना? मग त्याला तिथे दोन्ही डोळे असतील. बघशील, म्हातारा नसेलच तो तिथे. चांगला तरणाबांड असेल."

"डोळा येईल रे," पुदाने म्हणाली. "ओळख कुठून येईल?"

रात्र नसलेल्या त्या रात्री नदीचा बर्फ फुटला. मोठ्ठा आवाज होऊन, मग लहान लहान आवाज होत, तुकडे एकमेकांवर चढत, कुरकुरत उत्तरेला निघाले. पुदानेने आवकाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आता हिला कोणी मारायची गरज नव्हती, आणि हिच्या जगण्याचीही कोणाला गरज नव्हती. पहाटेच्या सुमारास, म्हणजे ऊन जरा पिवळं झालं तेव्हा, आवका अचानक ताठ झाली, पाय झाडले, आणि पुदानेला वाटलं हे शेवटचं. पण ती शिंकली. पुन्हा शिंकली. घशातून एकामागून एक अळ्या पडल्या, पुदानेच्या मांडीवर, अंगरख्यावर, ओल्या मातीवर. त्यांची वेळ झाली होती. बर्फ गेला होता, माती उघडी पडली होती, आत राहायचं त्यांना काही कारण नव्हतं. आखडत, पसरत, त्या शेवाळाखाली शिरू लागल्या. एदेइको टाच उचलून धावत आला. पुदाने म्हणाली, "राहू दे." मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने स्वतः उठून एकेक शोधून चिरडली. शेवाळ उचकटून, बोटांनी, रडत, एकही सोडली नाही.

मग आवका उठली. उभी राहिली, मोकळा श्वास घेतला, आणि चरू लागली.

*

ती जगली. अजूनही आहे. पुढच्या वसंतात लोक म्हणाले, "आता ने की टेकडीवर." पण एकदा निघालेल्याच्या वाटेवर दुसऱ्यांदा जनावर सोडायचं नसतं, निम्म्या वाटेवरून त्याला परत बोलावल्यासारखं होतं. पुदाने नदीवरून जाताना टेकडीकडे बघत नाही. बहीण काठावर येते, दोघी चहा पितात, माशांचं, पोरांचं बोलतात. स्वप्नाचं ती विचारत नाही. एकदा बहिणीने आपण होऊन सांगितलं, "आता येत नाही गं ती." पुदानेने मान हलवली. येत नाही म्हणजे गेली. पण गाडीत बसून गेली, की वाट बघून कंटाळून पायी गेली, हे न येण्यावरून कळत नाही.

आवकाला तिने पुन्हा कधी बांधलं नाही. बिनवाऱ्याच्या दिवसांत माशी आली की आवका सगळ्यांबरोबर समुद्राकडे धावत सुटते. पुदाने धुरीपाशी बसून राहते. कळपाची धूळ खाली बसली की तिला वाटतं, यंदा हिने येऊ नये. रानातल्या कळपात जावं, कुठेतरी जावं, तिकडची वाट हिला सापडावी. आणि पहिला बर्फ पडायच्या आत आवका येते, धष्टपुष्ट, पाठीत पुन्हा नव्या गाठी घेऊन.

या वर्षी तिला पिल्लू झालं. कळपातल्या प्रत्येक जनावराच्या कानावर धन्याची खूण कापलेली असते, आणि पिल्लाला आईच्या धन्याची खूण मिळते. आवकाच्या कानावर लेकीची आहे, आणि लेक तर गेलेली. हादकोने पिल्लू गुडघ्यांत धरलं, कान बोटांत घेतला, सुरी टेकवली आणि थांबला.

"अगं," तो म्हणाला. "कोणाची घालू?"

पिल्लू सुटायला धडपडत होतं. आवका थोड्या अंतरावर उभी राहून हाका मारत होती.

"माझी घालू का? का तुझी?"

"नको."

"मग?"

"असू दे," पुदाने म्हणाली. "सोड त्याला."

बिनखुणेचं जनावर ज्याला सापडेल त्याचं. हादकोला हे ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, सुरी पुसून म्यानात घातली आणि गुडघे सैल केले. पिल्लू पडत, सावरत कळपात शिरलं, आणि सगळ्या पिल्लांत ते कोणतं, हे थोड्याच वेळात सांगता येईनासं झालं.